प्रूफ बघू का? : एका छापखान्यातलं बायपोलरचं प्रकरण

दादा माझा थोरला भाऊ. वय ३८. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा छापखाना आहे. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या काळी खिळे (धातूची अक्षरं) जुळवून ट्रेडल मशीनवर छपाई चालायची, आता एक मिनी ऑफसेट आहे आणि शेजारच्या गाळ्यात कटिंग मशीन. घरात आई, वहिनी आणि बारा वर्षांचा भाचा. मी लग्न होऊन पुण्यात. २०१८ पासून दादावर बायपोलर डिसॉर्डरचे, म्हणजे मूड कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणाऱ्या आजाराचे उपचार चालू आहेत. हे सगळं दादाने स्वतः वाचलंय. गावाचं आणि माणसांची नावं घालू नकोस म्हणाला, दोन वाक्यं त्याने काढायला लावली, ती काढली. गोळ्यांबद्दल माहिती कुठेही मिळते. मला लिहायचंय ते थेरपीबद्दल, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचारांबद्दल, कारण योग्य थेरपिस्ट मिळेपर्यंत आमची तीन वर्षं गेली आणि त्या तीन वर्षांत आम्ही केलेल्या चुका दुसऱ्या घरांतही होत असणार.

आजाराचा माग काढायचा तर २००७ पर्यंत मागे जावं लागतं. दादा तेव्हा वीस वर्षांचा होता. मे महिन्यात तीन आठवडे तो जवळजवळ झोपलाच नाही. रात्रभर अण्णांबरोबर मशीनवर, पहाटे नदीवर पोहायला, दिवसा गावभर. अण्णा कौतुकाने म्हणायचे, पोरगं कामाला लागलं. पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला, तर कावीळ झाली असेल म्हणून रक्त तपासलं. २०१५ मध्ये पुन्हा चार महिने तसंच. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी डिप्रेशन ओळखलं आणि गोळ्या दिल्या, त्याने तो उठला. २०१८ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा. त्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण आधी कधी झोप न लागता अंगात उत्साह संचारल्यासारखं झालं होतं का, हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण तो आजार होता हेच आम्हाला माहीत नव्हतं. बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांचा मूड थेट वरच्या टोकाला जातो. एप्रिल संपता संपता दादाचं तेच झालं.

लग्नसराई ऐन भरात होती. रात्री तीन तास झोप, तरी थकवा नाही. एके दिवशी कोल्हापूरहून टेम्पो आला आणि त्यातून दोनशे रीम आर्ट पेपर उतरला, सगळा उधारीवर. वर्षभरात आमच्याकडे चाळीस रीमही लागत नाहीत. तालुक्यातल्या प्रत्येक गरीब मुलीच्या लग्नाच्या पत्रिका फुकट छापायच्या, असं दादाने ठरवलं होतं. दहा हजार पत्रिका छापून तयार होत्या, त्यावर वधू-वरांच्या नावांच्या जागा कोऱ्या. वहिनीने हात धरला तर तिला ढकलून तो रस्त्यावर गेला. अकराव्या दिवशी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलं. तिथे निदान झालं: बायपोलर, पहिला प्रकार. मूड स्थिर ठेवणारं औषध, लिथियम, सुरू झालं.

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांबद्दल माझी तक्रार नाही. लिथियमची रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी यांच्या तपासण्या ते वेळेवर करायला लावतात. कंबर दुखली म्हणून दादा दुकानातून आयबुप्रोफेन घेऊन यायचा, ते त्यांनीच बंद केलं, कारण त्या गोळीने लिथियमची पातळी चढते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर आधी फोन करायचा, हेही त्यांनी शिकवलं. पण बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात आणि आपल्या वाट्याला सात मिनिटं येतात. सात मिनिटांत गोळीचं बोलणं होतं. दादाला विचारायचं होतं ते वेगळंच. मी वेडा आहे का? पेपरच्या व्यापाऱ्याला तोंड कसं दाखवू? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो त्याने मला वर्षभराने सांगितला: ते अकरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, ते खोटे होते का? या प्रश्नांना कुठेच जागा नव्हती. नऊ महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत कुणाला न सांगता त्याने त्या बंद केल्या. एप्रिलमध्ये लोकसभेच्या निवडणुकीची पत्रकं आणि लग्नसराई एकत्र आली, आणि मे महिन्यात दादा पुन्हा दाखल झाला.

मग लॉकडाउन आलं. पन्नास माणसांत लग्नं होऊ लागली, पत्रिका छापणार कोण? मशीनवर कापड टाकलं गेलं आणि दादा त्या कापडाखाली गेल्यासारखा झाला. गोळ्या चालू होत्या, तरी तो दुपारी बारापर्यंत उठायचा नाही. तेव्हा आम्ही थेरपिस्ट शोधायला लागलो.

पहिला प्रयत्न जवळच्या शहरात. पाटी होती समुपदेशन केंद्राची. बाई प्रेमळ होत्या, याबद्दल शंका नाही. पण चार बैठका अण्णांबद्दल झाल्या. अण्णा कडक होते का, मारायचे का, त्यांनी शाबासकी दिली नाही म्हणून काय वाटलं. दादा घरी येऊन रात्रभर तेच उगाळत बसायचा. चौथ्या बैठकीत त्या म्हणाल्या, मूळ सापडलंय, आता हळूहळू गोळ्यांची गरज उरणार नाही. दादाने नऊ दिवस लिथियम घेतलं नाही. वहिनीने पाकीट मोजलं म्हणून कळलं. मनात साचलेलं बोलून मोकळं केलं की आजार जातो ही समजूत बायपोलरमध्ये धोक्याची आहे, एवढं तेव्हा आम्हाला माहीत असतं तर पहिल्याच बैठकीनंतर आम्ही थांबलो असतो. दोन-तीन महिन्यांचा कोर्स केलेली माणसंही समुपदेशक म्हणून पाटी लावून बसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं (मानसिक आजारांवर थेरपी देणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं) तसं नसतं, त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला हक्क आहे. विचारताना संकोच वाटतो. आम्हालाही वाटला होता.

दुसरा प्रयत्न मोबाइलवरच्या एका सेवेचा. तीन वेळा तीन वेगळी माणसं, तिन्ही हिंदी-इंग्रजीत बोलणारी. दादाला हिंदी येतं, पण डोकं सटकलं, जीव गार पडला, अंगात वारं शिरलं, हे तो हिंदीत कसं सांगणार? तिसऱ्या वेळी तो नुसतं ‘ठीक हूँ’ म्हणाला आणि फोन ठेवला.

शेवटी मीच मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून विचारलं, तुमच्याबरोबर मिळून काम करणारं कुणी आहे का? हे आम्ही तीन वर्षं विचारलंच नव्हतं. त्यांनी पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव दिलं. मॅडमना पहिला फोन मी केला, चार प्रश्न कागदावर लिहून. बायपोलरचे रुग्ण नेहमी बघता का? गोळ्यांबद्दल तुमचं काय म्हणणं? दादाच्या डॉक्टरांशी बोलाल का? घरच्यांना कधी बोलवाल? गोळ्यांच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “गोळ्या डॉक्टर ठरवतील. त्या का नकोशा वाटतात ते माझ्याकडे बोलायचं.” फी एका सेशनची १२०० रुपये. सुरुवातीला दर आठवड्याला ऑनलाइन, दीड महिन्यातून एकदा पुण्यात समोरासमोर. आमच्या घराला हे जड होतं. पहिल्या वर्षाचे पैसे मी आणि वहिनीने निम्मे-निम्मे घातले.

सप्टेंबर २०२१ चं तिसरं सेशन मी विसरणार नाही. मॅडमनी दादाला सांगितलं होतं की आजवरच्या सगळ्या वर्षांचा एक आलेख काढून आणा. वर गेलेले दिवस रेघेच्या वर, खाली गेलेले खाली, आणि शेजारी त्या वेळी आयुष्यात काय चाललं होतं ते. दादाने वेस्टेजमधला एक मोठा डेमी कागद घेतला. एका बाजूला कुणाच्या तरी वास्तुशांतीचं अर्धवट उमटलेलं निमंत्रण होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघ मारून त्याने चौदा वर्षं मांडली. माझ्या पुण्याच्या घरी जमिनीवर तो कागद पसरला आणि लॅपटॉपचा कॅमेरा खाली वळवला. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. दादाच बघत राहिला, मग एकेका टेकडीवर बोट ठेवत म्हणाला, मे. एप्रिल-मे. मे. तिन्ही वेळा लग्नसराई. तिन्ही वेळा रात्रीची मशीन.

मग मॅडमनी समजावलं. उन्हाळ्यात दिवस मोठा होतो तेव्हा उन्मादाचे झटके जास्त येतात, हे बऱ्याच देशांत दिसलेलं आहे. त्यात झोप मोडली की बायपोलरच्या माणसाचं आतलं घड्याळ सरकतं, आणि एकदा सरकलं की झोप आणखी कमी होते. म्हणजे झोप उडणं हे लक्षणही असतं आणि कारणही. दादा इतकी वर्षं स्वतःला दुबळ्या मनाचा समजत होता. त्या कागदावर त्याला पहिल्यांदा दिसलं की आपल्या आजाराला वेळापत्रक आहे. मला वाटतं, थेरपी खरी त्या दिवशी सुरू झाली.

या पद्धतीला इंटरपर्सनल अँड सोशल ऱ्हिदम थेरपी म्हणतात, म्हणजे नाती आणि रोजचा दिनक्रम सांभाळायला शिकवणारी थेरपी. ती अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. त्यातला तक्ता फार साधा आहे. दिवसातल्या पाच वेळा लिहायच्या: अंथरुणातून उठलो कधी, पहिलं माणूस भेटलं कधी, कामाला लागलो कधी, रात्री जेवलो कधी, झोपायला गेलो कधी. कालची वेळ आणि आजची वेळ यांत फार अंतर पडू द्यायचं नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दादा आधी वैतागला, म्हणाला हे तर शाळेतल्या पोरांचं. पण सहाला उठून दूधवाल्याशी दोन शब्द बोलायचं, या एका गोष्टीने नैराश्यातली सकाळ जरा हलायला लागली. पहिलं माणूस भेटण्याची वेळ तक्त्यात का असते, हे मला तेव्हा समजलं. अवघड होतं ते रात्रीचं. लग्नसराईत गिऱ्हाईक रात्री नऊला येतं, मामाचं नाव राहिलं म्हणतं आणि सकाळी पत्रिका मागतं. ही वेळ पाळण्यात चार महिने गेले. शेवटी दुकानात बोर्ड लागला, संध्याकाळी सातनंतर प्रूफ स्वीकारले जाणार नाही. रात्रीच्या कामाला एक ऑपरेटर ठेवला. त्याच्या पगारात नफा जातो, हे खरं आहे आणि ते आम्ही मान्य केलंय.

मूड मोजायचा आकडाही दादाने स्वतःचाच काढला. ऑफसेटवर शाई आणि पाणी यांचा तोल सांभाळावा लागतो. पाणी जास्त झालं की छपाई फिकट येते, शाई जास्त झाली की ती वरच्या कागदाच्या पाठीला लागते आणि थप्पीच्या थप्पी खराब होते. दादा मॅडमना सांगायचा, या आठवड्यात पाणी जास्त आहे. किंवा, मॅडम, शाई चढतीये, शेजारच्यांना लागायला लागलीये. त्यांनी उणे पाच ते अधिक पाचची पट्टी बाजूला ठेवली आणि शाई-पाण्यातच नोंद करायला सांगितलं. आपली भाषा समजणारं माणूस मिळणं म्हणजे काय, ते मी यात पाहिलं.

घरच्यांबरोबरची सेशन्स मात्र सोपी गेली नाहीत. आजारी दादा होता, पण घाबरलेलं घर होतं. आई दिवसातून पाच वेळा विचारायची, “गोळी घेतलीस का रे?” तो टीव्ही बघताना मोठ्याने हसला तर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याचे डोळे बघायची. एका सेशनमध्ये दादा म्हणाला, “मी हसलो तरी हे लोक घाबरतात आणि गप्प बसलो तरी घाबरतात. मी राहू कसा?” वहिनी रडायला लागली. ती म्हणाली, “अहो, तुम्ही मला ढकललं होतं. ते तुम्हाला आठवत नाही, मला आठवतं.” तीन वर्षांत ही गोष्ट घरात कुणी उच्चारली नव्हती. मॅडमनी घाई केली नाही. दादाला लगेच माफी मागू दिली नाही, वहिनीला लगेच समजूतदारपणा दाखवू दिला नाही. त्या दिवशीचं सेशन दीड तास चाललं.

त्यातून दोन नियम निघाले. गोळीबद्दल एकाच माणसाने विचारायचं, वहिनीने, रात्री नऊला, एकदाच. आईने विचारायचं नाही. आईला हे फार लागलं, पण तिने पाळलं. आणि दादा वर चाललाय असं वाटलं तर वाद घालायचा नाही, फक्त एवढंच म्हणायचं: प्रूफ बघू का? छापण्याआधी प्रूफ दुसऱ्याच्या डोळ्याखालून जातं, त्यात अपमान नसतो. हे शब्दही दादाचेच. ते कानावर पडले की त्याने तक्ता आणायचा आणि दोघांनी मिळून मागच्या तीन रात्रींची झोप बघायची.

सोबत एक कागद तयार झाला, दादाच्या अक्षरात, डोकं शांत असताना लिहिलेला. माझी सुरुवातीची लक्षणं: पहाटे चारला गच्चीवर जाणं, जुन्या मित्रांना रात्री अकरानंतर फोन, अक्षर मोठं होणं, गिऱ्हाइकाला भागीदारी देऊ करणं. दहा हजारांवरची कुठलीही ऑर्डर ४८ तास थांबवायची. चेकबुक वहिनीकडे. दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन, कुणाचीही परवानगी न घेता. खाली दादाची, वहिनीची आणि माझी सही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे माणूस आपल्या उपचारांबद्दल आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. दादाने वहिनीला नेमलंय. कागदाच्या मागच्या बाजूला खालच्या दिवसांसाठीचे नंबर आहेत, कारण २०२२ च्या पावसाळ्यात जगण्याचाच कंटाळा आल्याचं तो मॅडमशी बोलला होता. पहिला नंबर वहिनीचा, दुसरा डॉक्टरांचा, तिसरा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६. तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कागदाची परीक्षा २०२३ च्या एप्रिलमध्ये झाली. ऑपरेटर गावी गेला होता, सहाशे पत्रिकांचं काम अडलं होतं. दादाने लागोपाठ दोन रात्री मशीन चालवली. तिसऱ्या सकाळी तो शिट्टी वाजवत चहा पीत होता. वहिनीने विचारलं, “प्रूफ बघू का?” त्याने कप आपटला आणि बाहेर गेला. आम्हाला वाटलं, संपलं. वहिनीने कागदाप्रमाणे डॉक्टरांना फोन केला. दुपारी दादा परत आला, तक्ता टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “चार तास आणि साडेतीन तास. शाई चढलीये.” डॉक्टरांनी औषधं बदलली. पाच दिवस छापखाना बंद ठेवला, खोलीचे पडदे लावले, मोबाइल आईकडे. चार ऑर्डरी गेल्या, एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं. दाखल मात्र करावं लागलं नाही.

याचा अर्थ तो बरा झाला असा नाही. २०२४ मध्ये सहा आठवडे पुन्हा खाली गेला होता. थेरपीने किती फरक पडतो याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलर नैराश्यातले २९३ रुग्ण होते, सगळे औषधोपचार घेणारे. काहींना नऊ महिन्यांत ३० पर्यंत सेशन्स दिली, बाकीच्यांना फक्त तीन. वर्षअखेर पहिल्या गटातले साधारण ६४ टक्के सावरले, दुसऱ्यातले साधारण ५२. फरक १२-१३ टक्क्यांचा, म्हणजे चमत्कार नाही. पण आमच्या घरात या फरकाचा अर्थ एक न झालेलं ॲडमिशन आणि न आलेला पेपरचा टेम्पो असा होतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्याच्या त्या मोठ्या प्रश्नावर. ते अकरा दिवस खोटे होते का? मॅडमनी त्याला ते दिवस सविस्तर सांगायला लावले, त्यात काय चांगलं होतं तेसुद्धा. गरीब मुलींसाठी काहीतरी करावं ही इच्छा आजाराची नव्हती, ती त्याचीच होती. दहा हजारांचा आकडा आजाराचा होता. आता दादा दर वर्षी पाच लग्नांच्या पत्रिका फुकट छापतो, दिवसा. पण तो रंग पुन्हा कधी दिसणार नाही याचं दुःख त्याला आहे. त्याबद्दल बोलताना आजही त्याचा आवाज बदलतो.

हल्ली सेशन दोन महिन्यांतून एकदा असतं. मागच्या वेळी दादाने नवा विषय काढला. मुलगा बारा वर्षांचा झालाय, शाळेत कुणीतरी त्याला बापाबद्दल बोललंय आणि तो घरी काही विचारत नाही. त्याला काय सांगायचं, किती सांगायचं, आजार घराण्यात उतरू शकतो हे आत्ताच सांगायचं का? दोन सेशन्स त्यावर गेली. मॅडमनी दादाला तेच वाक्य तीन प्रकारे म्हणून बघायला लावलं. येत्या रविवारी सकाळी दहाला, नाश्त्यानंतर, दोघं मशीनजवळ बसणार आहेत. दादाने माळ्यावरून तो वेस्टेजचा मोठा कागद खाली काढून ठेवलाय.